शांतिदूत राल्फ बंच

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत डेट्रॉइट नावाचे शहर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मोटारींचे कारखाने उभे राहू लागले होते आणि पोटापाण्याच्या शोधात दूरदूरची माणसे त्या शहरात येऊन राहत होती. याच शहरातील एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात १९०३-०४ च्या सुमारास राल्फ बंच यांचा जन्म झाला. वडील न्हाव्याचा धंदा करीत. आईला गाण्याची व वाचनाची आवड होती. घरात आजीही होती. ती अंगाने लहानखुरी. पण तिचा शब्द घरात कोणी मोडीत नसे.

अमेरिकेत गुलामगिरीची चाल १८६५ साली कायद्याने बंद झाली होती. परंतु कायदा बदलला तरी मने लवकर बदलत नाहीत. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, आगगाडीचे डबे वेगळे होते; फार काय, पाणी पिण्याचे नळही वेगळे होते. उत्तरेकडे असा उघड भेद कमी होता. तथापि चांगली नोकरी, चांगले घर आणि मानाची जागा काळ्या माणसाला सहसा मिळत नसे. अशा जगात राल्फ वाढत होता.

राल्फ दहा वर्षांचा झाला तेव्हा आईची प्रकृती ढासळली. कोरड्या हवेचा उपयोग होईल या आशेने हे कुटुंब न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क गावी गेले. पण आईचे दुखणे हटले नाही. १९१७ साली ती वारली. वडील आधीच कामाच्या शोधात दूर गेले होते. त्या वेळी राल्फचे वय जेमतेम बारा-तेरा वर्षांचे होते. आजीने डोळे पुसले, राल्फला व त्याच्या धाकट्या बहिणीला बरोबर घेतले आणि पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहराची वाट धरली.

तेथे राल्फला शाळेत घातले. कृष्णवर्णीय मुलाला पुढे कारागिरीच करायची, असे समजून शिक्षकांनी त्याला हातकामाच्या वर्गात बसवले. हे कळताच आजी शाळेत गेली. आपला नातू महाविद्यालयात जाणार आहे, तेव्हा त्याला त्या शिक्षणास योग्य असेच विषय शिकवले पाहिजेत, असे तिने ठासून सांगितले. त्या काळी असा आग्रह धरणे हे मोठ्या धैर्याचे काम होते. आजीचे म्हणणे शाळेला मान्य करावे लागले.

राल्फनेही आजीच्या विश्वासाला पात्र होण्याचा निश्चय केला. तो वर्तमानपत्रे विकी, एका चित्रपट-नटाच्या घरी वरकाम करी आणि गालिचे बसवणाऱ्या एका कंपनीत मजुरी करी. यातून वेळ काढून तो अभ्यास करी, खेळाच्या मैदानावर चमके आणि वादविवादाच्या सभाही गाजवी. १९२२ साली माध्यमिक शाळेच्या परीक्षेत तो पहिला आला. शहरातील गुणी विद्यार्थ्यांच्या एका मानाच्या मंडळात त्याची निवड व्हायला हवी होती. पण केवळ वर्णामुळे त्याचे नाव वगळण्यात आले. हा घाव त्याच्या मनाला खोल लागला.

शाळेच्या निरोपसमारंभानंतर मुख्याध्यापक आजीला भेटले. राल्फ हा काळ्यांपैकी आहे असे आम्हांला कधी वाटलेच नाही, अशा शब्दांत त्यांनी त्याचे कौतुक केले. आजीला ते कौतुक मुळीच रुचले नाही. हे बोलणे राल्फचा, त्याच्या आईबापांचा आणि आपल्या साऱ्या समाजाचा अपमान करणारे आहे, असे तिने मुख्याध्यापकांना तिथल्या तिथे सुनावले. आवाज न चढवता, पण मान न झुकवता सत्य कसे सांगावे, हे राल्फ त्या दिवशी शिकला. हा धडा त्याला जन्मभर पुरला.

राल्फ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत दाखल झाला. बास्केटबॉलच्या खेळातील नैपुण्यामुळे त्याला शिष्यवृत्ती मिळाली; वरखर्चासाठी तो झाडलोटीचे काम करी. आंतरराष्ट्रीय संबंध हा त्याने आपला मुख्य विषय निवडला. राष्ट्रे एकमेकांशी का भांडतात, त्यांच्यात सलोखा कसा होतो आणि एक देश दुसऱ्यावर राज्य करतो तेव्हा तेथील प्रजेचे काय होते, हे प्रश्न त्याला अस्वस्थ करीत. १९२७ साली तो अत्युच्च श्रेणीत पदवीधर झाला. हार्वर्ड या विख्यात विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली. पण राहण्या-जेवण्याचा खर्च कोण करणार? लॉस एंजेलिसमधील कृष्णवर्णीय लोकांनी आपापल्या तुटपुंज्या मिळकतीतून वर्गणी गोळा केली आणि एक हजार डॉलर राल्फच्या हाती ठेवले. त्या पैशांत किती जणांचे कष्ट आहेत, याची जाणीव त्याला होती.

१९२८ साली बंच यांनी हार्वर्डची एम. ए. पदवी मिळवली आणि ते वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले. तेथे त्यांनी राज्यशास्त्राचा विभाग उभा केला. एकीकडे अध्यापन आणि दुसरीकडे डॉक्टरेटसाठी संशोधन, असा त्यांचा दुहेरी उद्योग चालू झाला.

संशोधनासाठी त्यांनी निवडलेला विषय त्यांच्या मनाचा कल दाखवणारा होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या वसाहती काढून घेऊन विजयी राष्ट्रांच्या हाती सोपवण्यात आल्या होत्या. राष्ट्रसंघ नावाच्या जागतिक संस्थेने तेव्हा अशी अट घातली होती की, हे प्रदेश मालकीहक्काने नव्हे, तर तेथील लोकांच्या कल्याणासाठी सांभाळावेत. पश्चिम आफ्रिकेतील टोगोलँडचा मोठा भाग अशा अटीवर फ्रान्सकडे आला होता. त्याला लागूनच दाहोमी हा देश होता. तीही फ्रान्सचीच वसाहत होती. पण तिला ही अट लागू नव्हती. राज्यकर्ते एकच, शेजारही एकच. मग कागदावरील त्या अटीमुळे टोगोलँडमधील शेतकऱ्याचे आयुष्य दाहोमीतील शेतकऱ्यापेक्षा अधिक सुखाचे झाले आहे काय? हा बंच यांचा प्रश्न होता.

ग्रंथालयात बसून याचे उत्तर मिळणार नव्हते. म्हणून १९३२ साली बंच आफ्रिकेत गेले. करवसुली, शाळा, दवाखाने, सक्तीची मजुरी, न्यायदान या सर्वांची त्यांनी दोन्ही प्रदेशांत जातीने पाहणी केली. त्यांना दिसून आले की, दोन्हीकडील लोकांच्या स्थितीत फारसा फरक नाही. कागदावर दिलेले वचन पाळले जाते की नाही, हे प्रत्यक्ष जाऊन पाहणारे कोणी नसेल, तर ते वचन कागदावरच राहते, हे त्यांनी ओळखले. १९३४ साली या प्रबंधाबद्दल त्यांना हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली आणि उत्कृष्ट संशोधनाचे पारितोषिकही मिळाले. अमेरिकेत राज्यशास्त्रात ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. पुढे १९३६ ते १९३८ या काळात त्यांनी लंडन व केप टाऊन येथे राहून अधिक अभ्यास केला आणि आफ्रिकेत पुन्हा विस्तृत प्रवास केला.

प्रबंध बहुधा ग्रंथालयाच्या फडताळात धूळ खात पडतात. बंच यांच्या अभ्यासाचे भाग्य मात्र निराळे होते. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा आफ्रिकेची खरीखुरी माहिती असलेली माणसे अमेरिकेच्या सरकारला हवी होती. १९४१ साली बंच सरकारी कामावर रुजू झाले आणि १९४४ साली परराष्ट्र खात्यात गेले. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे पन्नास राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार केली. त्या वेळी जगातील सुमारे ७५ कोटी लोक परसत्तेखाली राहत होते. त्यांच्यासंबंधीची कलमे तयार करण्याच्या कामात बंच यांनी मोठा भाग घेतला.

टोगोलँडमध्ये जे पाहिले ते येथे उपयोगी पडले. जुन्या राष्ट्रसंघाचे अधिकारी त्या प्रदेशांत पाहणीसाठी जात नसत. नव्या व्यवस्थेत विश्वस्त मंडळ नेमण्यात आले. विश्वस्त म्हणून सांभाळायला दिलेल्या प्रदेशांतील लोकांचे तक्रार-अर्ज स्वीकारण्याचा आणि तेथे पाहणी-पथके पाठवण्याचा अधिकार त्या मंडळाला मिळाला. स्वराज्य किंवा स्वातंत्र्य यांकडे लोकांना नेणे हे या व्यवस्थेचे ध्येय म्हणून सनदेत नमूद झाले. १९४६ साली बंच संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेवेत आले आणि याच कामाच्या विभागाचे प्रमुख झाले.

एवढ्यात एका अत्यंत बिकट प्रश्नाने त्यांना आपल्याकडे ओढून घेतले. पॅलेस्टाईनच्या भूमीवर अरब आणि यहुदी असे दोन समाज आपापला हक्क सांगत होते. १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने त्या भूमीची फाळणी सुचवली. यहुदी नेत्यांनी ती स्वीकारली, अरबांनी नाकारली. मे १९४८ मध्ये इस्रायलच्या राष्ट्राची घोषणा होताच शेजारच्या अरब राष्ट्रांच्या फौजा चालून आल्या. रणधुमाळी माजली. हजारो माणसे प्राणास मुकली आणि लाखो पॅलेस्टिनी अरब आपल्या घरादारांना पारखे झाले.

हे युद्ध थांबवण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने स्वीडनचे काउंट फोल्के बर्नाडॉट यांना मध्यस्थ नेमले. बंच हे त्यांचे प्रमुख साहाय्यक होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी यरुशलेममध्ये यहुदी अतिरेक्यांनी बर्नाडॉट यांच्या मोटारीवर गोळ्या झाडल्या. बर्नाडॉट आणि त्यांच्या शेजारी बसलेले एक फ्रेंच अधिकारी ठार झाले. त्या दिवशी बंच वाटेत खोळंबले म्हणून त्यांना पोहोचण्यास उशीर झाला. एरवी ते त्याच मोटारीत असते. दुसरा एखादा मनुष्य या प्रसंगाने हादरून मागे फिरला असता. बंच यांनी मात्र आपल्या वरिष्ठांचे अपुरे राहिलेले काम हाती घेतले.

जानेवारी १९४९ मध्ये भूमध्य समुद्रातील ऱ्होड्स बेटावर एका हॉटेलात बोलणी सुरू झाली. प्रथम इजिप्त आणि इस्रायल यांचे प्रतिनिधी आले. दोन्ही मंडळी एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर उतरली होती; पण समोरासमोर बसण्याची त्यांची तयारी नव्हती. मग बंच आणि त्यांचे सहकारी निरोप घेऊन खालीवर हेलपाटे घालू लागले. बंच यांनी एक साधी युक्ती योजली. मोठे वाद त्यांनी आरंभी बाजूला ठेवले आणि बोलण्याचे विषय कोणते व ते कोणत्या क्रमाने घ्यावेत, एवढेच दोन्ही पक्षांपुढे मांडले. त्या यादीवर दोघांच्याही सह्या घेतल्या. एकाच कागदावर सही करण्याची सवय व्हावी आणि आपले एका गोष्टीवर तरी जमू शकते हे दोघांनाही उमगावे, हा त्यामागील हेतू होता.

पुढची वाट काट्यांची होती. फालुजा या ठिकाणी इजिप्तचे सुमारे चार हजार सैनिक इस्रायली फौजेच्या वेढ्यात अडकले होते. त्यांना सुखरूप कसे सोडवायचे, सीमेवर सैन्य कोठवर ठेवायचे, अशा एकेका मुद्द्यावर बोलणी अडून बसत. बंच रात्र-रात्र जागत, मसुदा फाडून नवा लिहीत, एका शब्दाऐवजी दुसरा शब्द सुचवीत. कोणी चिडले तर ते ऐकून घेत. पण कोणालाही खोटी आशा दाखवीत नसत. त्यांच्या स्वभावात विनोदही होता. बोलण्यांची आठवण म्हणून प्रतिनिधींना भेट देण्यासाठी त्यांनी चिनी मातीच्या रंगीत बशा मुद्दाम करवून घेतल्या होत्या. करार झाला तर या बशा घरी घेऊन जा, आणि न झाला तर त्या तुमच्याच डोक्यांवर फोडीन, असे ते थट्टेने म्हणाले, असे सांगतात.

बशा फोडण्याची पाळी आली नाही. सहा आठवड्यांच्या परिश्रमांनंतर, २४ फेब्रुवारी १९४९ रोजी, इजिप्त व इस्रायल यांनी शस्त्रसंधीच्या करारावर सह्या केल्या. फालुजातील सैनिक आपल्या घरी परतले. पुढे इजिप्तचे अध्यक्ष झालेले गमाल अब्देल नासर हे त्यांपैकीच एक तरुण अधिकारी होते. त्यानंतर लेबानन, जॉर्डन आणि सीरिया यांनीही जुलै महिन्यापर्यंत इस्रायलशी असे करार केले. आफ्रिकेतील खेड्यांतून वही घेऊन हिंडणाऱ्या प्राध्यापकाने पाच राष्ट्रांच्या तोफा शांत केल्या होत्या.

१९५० सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक बंच यांना जाहीर झाले. ते स्वीकारण्यास ते प्रथम तयार नव्हते. शांतता प्रस्थापित करणे हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेवकाचे नित्याचे कर्तव्य आहे, त्यासाठी वेगळे बक्षीस कशाला, असे त्यांना वाटत होते. अखेर संघाचे महासचिव त्रिग्वे ली यांच्या सांगण्यावरून त्यांनी ते घेतले. नोबेल पारितोषिक मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

जगाने असा गौरव केला, तरी स्वतःच्या देशात त्यांच्या वाट्याला आलेली अवहेलना सरली नव्हती. १९४९ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात मोठे पद देऊ केले असता त्यांनी ते नाकारले. कारण राजधानी वॉशिंग्टनमध्ये वर्णभेद पाळला जात असे आणि आपल्या मुलांना पुन्हा त्या वातावरणात न्यावे, हे त्यांना पटेना. १९५९ साली न्यूयॉर्कमधील एका टेनिस क्लबने त्यांच्या मुलाला वर्णामुळे प्रवेश नाकारला. वर्तमानपत्रांतून टीका होताच क्लबने माफी मागितली आणि बंच पिता-पुत्रांना सभासद करून घेण्याची तयारी दाखवली. बंच यांनी ती सवलत स्वीकारली नाही. आपण नामांकित आहोत म्हणून आपल्यापुरते दार उघडावे, हा न्याय नव्हे. सर्वांत गरीब कृष्णवर्णीयालाही जेव्हा तो हक्क मिळेल, तेव्हाच तो खरा, अशी त्यांची भूमिका होती. १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा ते मॉन्टगोमेरी अशी पदयात्रा काढली. त्या वेळी प्रकृती ठीक नसतानाही बंच त्यांच्या बरोबरीने चालले.

संयुक्त राष्ट्रसंघातील त्यांचे काम अखंड चालू होते. १९५६ साली सुएझ कालव्यावरून युद्ध भडकले, तेव्हा संघाने प्रथमच आपले शांतिसैन्य उभारले. दहा देशांतील सुमारे सहा हजार सैनिक त्यात होते; भारताचे जवानही होते. लढण्यासाठी नव्हे, तर लढणाऱ्यांच्या मध्ये उभे राहण्यासाठी जमवलेले हे सैन्य होते. त्याची जुळवाजुळव करण्याचा मोठा भार बंच यांनी उचलला. सैनिक लांबून ओळखू यावेत म्हणून त्यांच्या शिरस्त्राणांना निळा रंग देण्यात आला. ती निळी शिरस्त्राणे पुढे जगभर शांतिसैन्याची खूण ठरली. काँगो, येमेन, सायप्रस अशा अनेक ठिकाणचे कलह शमवण्यासाठी बंच धावून गेले. १९६५ साली भारत व पाकिस्तान यांच्यात युद्धबंदी झाली, तेव्हा तिच्या देखरेखीच्या कामाची व्यवस्थाही त्यांनी पाहिली.

त्यांचा प्रत्येक प्रयत्न सफल झाला, असे मात्र नाही. ऱ्होड्सचे करार म्हणजे युद्धाला घातलेला बांध होता; वैर त्याने संपले नाही. १९६७ साली सुएझजवळील शांतिसैन्य मागे घ्यावे लागले आणि तेथे पुन्हा युद्ध पेटले. बंच यांना त्याचे फार दुःख झाले. तरीही, शांतता एकदा मिळवून संदुकीत ठेवता येत नाही, ती रोज नव्याने सांभाळावी लागते, हे जाणून ते आपल्या कामाला चिकटून राहिले.

मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते, दृष्टी अधू झाली होती. १९७१ साली त्यांनी सेवेतून निवृत्ती घेतली आणि त्याच वर्षी ९ डिसेंबर रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्य कचेरीसमोर एक लहानसे उद्यान आहे. त्याला राल्फ बंच यांचे नाव दिलेले आहे.

१९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघाची ५१ सभासद राष्ट्रे होती. १९७१ च्या अखेरीस ती १३२ झाली. नव्याने आलेल्या राष्ट्रांपैकी कितीतरी देश पूर्वी परक्यांच्या सत्तेखाली होते. त्यांच्या स्वातंत्र्यासाठी त्यांचेच लोक झगडले. पण त्यांच्या हक्काला जगाच्या सनदेत जागा मिळावी म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत बंच यांचे स्थान मोठे आहे. तरुणपणी ज्या दोन देशांत ते प्रजेची स्थिती पाहत हिंडले होते, ते टोगो आणि दाहोमी हे दोन्ही देश १९६० साली, अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने, स्वतंत्र झाले.